अ‍ॅलिस इव्हान्स आणि दोन नावांचा एक जंतू

शास्त्रात नाव हे केवळ ओळखीचे साधन नसते. नाव देताना वस्तू एका विशिष्ट वर्गात बसविली जाते, आणि पुढील संशोधकांची दृष्टी बहुधा त्या वर्गाच्या मर्यादेतच वावरते. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अ‍ॅलिस कॅथरिन इव्हान्स (१८८१–१९७५) यांचे संशोधन म्हणजे अशा एका मर्यादेच्या उल्लंघनाचा इतिहास होय.

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी वैद्याने १८८७ साली माल्टा बेटावर ज्वराने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा केला. तो त्यास गोल भासला, म्हणून त्याची गणना 'मायक्रोकॉकस' म्हणजे गोलाणूंत झाली. हा माल्टाज्वर शेळीच्या दुधातून पसरतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झम्मित यांनी दाखविले. इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाईंच्या साथीच्या गर्भपाताचा जंतू शोधला होता. त्याची नोंद 'बॅसिलस' म्हणजे दंडाणू अशी झाली. पहिला जंतू मानवी वैद्यकाच्या वाट्यास आला, दुसरा पशुवैद्यकाच्या. जे नावानेच गोल आणि दंडाकृती ठरले, त्यांची परस्परांशी तुलना करावी असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

पेनसिल्व्हेनियातील नीथ या गावी जन्मलेल्या इव्हान्स यांनी प्रथम चार वर्षे शाळेत अध्यापन केले. पुढे कॉर्नेल विद्यापीठातून त्या १९०९ मध्ये पदवीधर झाल्या आणि १९१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची एम्. एस्. पदवी घेऊन केंद्रीय कृषिखात्याच्या दुग्धविभागात रुजू झाल्या. डॉक्टरेट त्यांनी केली नाही. नुकत्याच काढलेल्या दुधातील जंतूंचा अभ्यास हे त्यांचे काम होते. निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही गर्भपाताचे जंतू सापडतात, हे पाहून त्यांनी ते माल्टाज्वराच्या जंतूंशेजारी ठेवून तपासले. आकार, संवर्धन व जीवरासायनिक गुणधर्म या बाबतींत दोहोंत जवळजवळ भेद आढळला नाही. रक्तरसाच्या सूक्ष्म परीक्षेतच काय तो फरक दिसला. या जंतूंचे निकटचे नाते त्यांनी १९१७ च्या अखेरीस अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत मांडले व १९१८ मध्ये लेखरूपाने प्रसिद्ध केले. त्यावरून ओघानेच प्रश्न उपस्थित झाला, की गाईचे कच्चे दूध मनुष्यासही बाधत असले पाहिजे काय?

या निष्कर्षाचे स्वागत अविश्वासाने झाले. नाते इतके निकटचे असते तर ते पूर्वीच कोणाच्या तरी लक्षात आले असते, असा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांच्या दृष्टीने, डॉक्टरेट नसलेल्या एका स्त्रीने ते प्रथम पाहावे हेच संशयास्पद होते. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचा विरोध तर अनेक वर्षे टिकला. तथापि १९२० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल मेयर व त्यांचे सहकारी यांनी इव्हान्स यांच्या निष्कर्षास पुष्टी दिली आणि दोन्ही जंतूंस सामावणारे 'ब्रुसेला' हे प्रजातिनाम सुचविले. पुढे गाईपासून माणसास झालेल्या संसर्गाची उदाहरणेही पुढे येऊ लागली.

नावाच्या सामर्थ्याचा अनुभव इव्हान्स यांना स्वतःच्या शरीरावरही घ्यावा लागला. १९१८ पासून त्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या. तेथे १९२२ मध्ये त्यांना याच जंतूचा संसर्ग झाला. ताप वारंवार उलटे. पण वैद्यांनी या दुखण्यास मज्जासंस्थेचे दौर्बल्य असे नाव दिले, म्हणजे पर्यायाने ते काल्पनिकच ठरविले. १९२८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या शरीरातील विकृत भागांतून ब्रुसेला जंतू वाढविता आले, तेव्हा त्या आरोपाचे निराकरण झाले. त्याच वर्षी त्या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होत्या. १९३० नंतरच्या दशकात तेथील दुग्धव्यवसायात दुधाचे पाश्चरीकरण अधिकाधिक रूढ होत गेले, त्यामागे या संशोधनाचा मोठा आधार होता. १९४५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

इव्हान्स यांच्याजवळ नवे उपकरण नव्हते की नवी पद्धती नव्हती. दोन शास्त्रशाखांनी दोन फडताळांत ठेवलेले जंतू त्यांनी एका मेजावर आणले, एवढेच. पुढे १९८५ मध्ये डीएनएच्या तुलनेवरून ब्रुसेलाच्या सर्व जातींची एकच जात मानावी असा प्रस्ताव पुढे आला. व्यवहाराच्या सोयीसाठी मात्र जुनी जातिनामे टिकून राहिली. ती राहण्यास हरकत नाही. नाव हे निरीक्षणाचा आरंभ आहे, त्याचा शेवट नव्हे, एवढे भान सुटले नाही म्हणजे झाले.