सरासरीपासूनचं अंतर

१९३८ मध्ये गाय स्टुअर्ट कॅलेंडर या इंग्लिश अभियंत्याने लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्याचं क्षेत्र वाफेचं तंत्र होतं, हवामानशास्त्र नव्हे. तरीही १४७ केंद्रांच्या नोंदींवर हाताने आकडेमोड करून त्याने दाखवलं, की मागच्या अर्धशतकात जगाचं तापमान वर्षाला सरासरी ०.००५ अंश सेल्सिअसने वाढलं आहे. जाणकारांनी शंका घेतल्या, पण निष्कर्ष टिकला. त्याचं श्रेय मोजण्याच्या रीतीला आहे. डोंगरमाथ्यावरचं केंद्र थंड, पायथ्याचं उष्ण. त्यांच्या तापमानांची सरळ सरासरी काढली, तर माथ्यावरचं केंद्र बंद पडताच जग तापल्याचा भास होईल. म्हणून प्रत्येक केंद्र त्याच्याच दीर्घकालीन सरासरीशी ताडायचं आणि फक्त फरक हिशेबात घ्यायचा. एखादा महिना नेहमीपेक्षा थंड गेला, तर तो बहुधा माथ्यावर आणि पायथ्याशी, दोन्हीकडे थंड जातो. १९८७ मध्ये जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी याच गुणाच्या आधारे प्रत्येक केंद्राचा फरक १,२०० किलोमीटरपर्यंतच्या परिसरासाठी वापरला.

यावर पहिला आक्षेप असा, की सरासरी कोणत्या काळाची धरायची हे माणूसच ठरवतो. ते खरंच आहे. नासा १९५१ ते १९८० हा काळ धरते, औद्योगिकीकरणापूर्वीच्या स्थितीशी तुलना करताना १८५० ते १९०० हा काळ घेतला जातो. पण आधारकाळ बदलला की सगळे आकडे सारख्याच अंतराने वरखाली सरकतात. दोन वर्षांमधला फरक तेवढाच राहतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुन्या नोंदी नंतर दुरुस्त केल्या जातात. पूर्वी जहाजावर बादलीने समुद्राचं पाणी वर ओढून तापमान घेत, आणि बाष्पीभवनाने ते पाणी जरा निवत असे. ही चूक सुधारली की जुने समुद्र अधिक उष्ण ठरतात आणि एकूण तापमानवाढ कमी दिसते. वाढ फुगवण्यासाठी कोणी अशी दुरुस्ती केली नसती. शहरांच्या उष्णतेने आकडे बिघडले म्हणावं, तर शहरं नसलेला महासागरही तापला आहे. रिचर्ड मुलर हे भौतिकशास्त्रज्ञ स्वतः साशंक होते. त्यांच्या गटाने नोंदी नव्याने तपासल्या आणि २०११ मध्ये त्यांनी तापमानवाढ खरी असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

शंका घेणाऱ्यांनीच हा हिशेब पक्का केला आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होतं. मोजमाप सुरू झाल्यापासून तोवर इतकं उष्ण वर्ष नोंदलं गेलं नव्हतं.