पिठ्या ढेकूण

पिठ्या ढेकूण : कुंडीतल्या झाडांवर हमखास आढळणारी रसशोषक कीड. शेतकरी व रोपवाटिकावाले हिला मिलीबग म्हणतात. हेमिप्टेरा गणातील स्यूडोकॉक्सिडी कुलात तिच्या अनेक जाती येतात. जास्वंद, क्रोटन, अ‍ॅडेनियम, कढीपत्ता आणि निवडुंग ही तिची आवडती झाडे.

मादी सुमारे ३ ते ५ मिमी. लांब, लंबगोल व बिनपंखी असते. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणचट पिठाचा थर असतो. नर पंखधारी व अल्पायुषी. तो काही खात नाही. बहुतेक जातींची मादी पानांच्या बेचक्यात कापसासारखी पिशवी विणून तीत शेकडो अंडी घालते. पाणी आणि औषध मेणावरून ओघळून जाते, म्हणून एका फवारणीत ही कीड जात नाही. अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले मात्र उघडी असतात. त्यांच्यावर अजून पीठ चढलेले नसते आणि ती जागा शोधत रांगत असतात. उपाय लागू पडतो तो याच अवस्थेत. सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नसल्याने तो दर आठ-दहा दिवसांनी, निदान तीनदा करावा लागतो.

कीड शोषलेल्या रसातील जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने टाकते. त्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. या गोडव्यासाठी मुंग्या येतात, किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात आणि पिल्लांना दुसऱ्या फांदीवर नेतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पाने उलटून पाहावीत. मुंग्यांचा बंदोबस्त न करता केलेला उपाय टिकत नाही.

गुलाबी पिठ्या ढेकूण ही जात जास्वंदीला विशेष छळते. तिच्या विषारी लाळेमुळे शेंड्याची पाने सुरकुतून गुच्छासारखी होतात, कांडी आखूड राहते आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. असा शेंडा सुधारत नाही. तो कापून पिशवीत बंद करून फेकावा, कंपोस्टमध्ये टाकू नये.

लागण थोडी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक कीड पुसून काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. मजबूत झाडावर पाण्याची जोरदार धार मारावी. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. आधी दोन-चार पानांवर प्रयोग करून पाहावा, कारण नेचे व मांसल पानांची झाडे करपू शकतात. झाडाच्या अंगात भिनणारी रासायनिक कीटकनाशके घरात वापरू नयेत. ज्या कढीपत्त्याची पाने फोडणीत जातात आणि ज्या जास्वंदीवर मधमाश्या येतात, तिथे ती घालणे सरळ चूक आहे.

या किडीचा मोठा शत्रू म्हणजे क्रिप्टोलीमस हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा. तो १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांतही सोडला जातो. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींमुळे थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते, त्यामुळे लोक तिलाच आधी चिरडतात. तिची लांबी सेंटिमीटरहून अधिक भरू शकते. हात लावताच ती चपळाईने चालू लागते, तर पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. फवारण्यापूर्वी एवढे निरखून पाहावेच.

पाणी व खत व्यवस्थित असूनही रोप खुरटत असेल तर ते कुंडीतून काढून मुळे तपासावीत. काही जाती मातीखाली मुळांवरच जगतात. नत्रयुक्त खताचा अतिरेक झाला की कोवळी, रसरशीत फूट येते आणि कीड वाढते. रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. घरात ही कीड बहुधा अशा रोपाबरोबरच येते.