शंका विचारणारे आपलेच

काही वर्षांपूर्वी नगरहून पुण्याला एसटीने निघालो होतो. शेजारी एक निवृत्त तलाठी बसले होते. पाऊसपाणी, कांद्याचे भाव, मुलांच्या नोकऱ्या असे बोलणे चालले होते. शिरूर मागे पडल्यावर त्यांनी माझे नाव विचारले. मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही ख्रिश्चन! पण सर, मराठी अगदी आपल्यासारखं बोलता की.”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, कुतूहल होते. पुढच्या तासाभरात त्यांनी मनातले सगळे विचारून घेतले. हा धर्म परदेशी नाही का? तुमच्या आजोबा-पणजोबांना काहीतरी आमिष दाखवूनच बाटवले असेल ना? एकच देव म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे? आणि ज्यांनी येशूचे नावसुद्धा ऐकले नाही, ते आमचे वाडवडील नरकात गेले असे समजायचे का?

मी शाळेत इतिहास शिकवत आलो. व्यासपीठावर उभे राहून धर्मोपदेश कधी केला नाही. त्यामुळे उत्तरे देताना मला धर्मशास्त्रातली वचने आठवण्याऐवजी माणसे आठवू लागली. हे चारही प्रश्न मराठी माणसांनी पूर्वीच, आणि पुष्कळ अधिक धारदारपणे विचारलेले आहेत. ते विचारणाऱ्यांतले काही जण तर पुढे स्वतःच ख्रिस्ती झाले.

पहिला प्रश्न परदेशीपणाचा. येशूचा जन्म आशिया खंडातला, त्याची बोली अरामी. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने मलबारातल्या ख्रिस्ती लोकांची नोंद केली आहे आणि ‘कॅलिआना’ या बंदरात बिशप असल्याचेही लिहिले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्या साडेनऊशे वर्षे आधी आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती उपासना चालत होती. ठाण्यात १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन मिशनरी मारले गेले, तेव्हाही पोर्तुगीज यायला पावणेदोनशे वर्षे अवकाश होता.

पण ‘किती जुना’ हे सांगितल्याने ‘किती आपला’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी भाषेकडे पाहावे लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण गुरूपुढे गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय, असा त्याचा सवाल आहे. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ असा एका तक्रारीतून सुरू होतो, आणि पुढेही ऐकणारे मध्येच शंका काढतात व गुरू त्यांचे निरसन करतो. आपल्या पोथ्यांतल्या श्रोता-वक्त्याचीच ही रीत. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घराण्यांनी या ग्रंथाची हस्तलिखिते जपली म्हणून १९०७ मध्ये तो पुन्हा छापता आला.

इथे दुसरा प्रश्न आपोआप येतो. ती पुराणे बंद का झाली होती? कारण पोर्तुगीज सत्तेने ती बंद केली होती. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडल्यास, गोव्यात धर्मन्यायालय होते. १६८४ मध्ये तर कोकणी भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. हे घडले. ते झाकून कोणी ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन करू लागला, तर त्याला ऐकणारा उठून जाईल आणि त्याचे बरोबरच असेल. मी एवढेच म्हणतो, की ज्याच्या नावाने हे झाले तो स्वतः सत्तेच्या हातून वधस्तंभावर गेला होता. त्याच्या शिकवणीच्या मापाने मोजले तर हा इतिहास दोषीच ठरतो.

राहिला आमिषाचा भाग. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. यातले किती भुकेपोटी आले, अशी शंका खुद्द मिशनऱ्यांनाही होती. आमचे घराणे त्याच काळातले. महारवाड्यातले. माझ्या आजीला मी एकदा, कॉलेजात शिकत असताना, जरा तोऱ्यातच विचारले, “आजी, आपण पोटासाठीच ख्रिस्ती झालो ना?” ती धान्य निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “भुकेनं दारापाशी आणलं आसंल बाबा. पण पोट भरल्यावर माघारी का गेलो न्हाई, ते इचार की.” मग तिनेच सांगितले. तिच्या सासऱ्याला मिशनच्या शाळेत आत, इतरांच्या ओळीत बसवले आणि पूर्ण नावाने हाक मारली. तोवर गावात त्यांना कोणी पुरते नाव घेऊन हाक मारली नव्हती.

याचा अर्थ चर्चमध्ये जात संपली असा नाही. गोव्यात जातवार धर्मसंघ होते. आमच्याकडेही सोयरीक ठरवताना जात अजून डोकावते. पण आमिष म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. तेव्हा स्वतंत्र भारतात दलिताने ख्रिस्ती होणे कागदोपत्री तरी तोट्याचाच व्यवहार राहिला आहे.

आता पूर्वजांचा आणि नरकाचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत असे वाद उघड्यावर होत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याशी वाद घातला आणि आपली बाजू ग्रंथरूपाने छापली. १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते. गंमत अशी, की त्या वादाचा इंग्रजी वृत्तांत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बोवेन यांनीच छापला. विरोधकाचे म्हणणे छापून लोकांपुढे ठेवावे, एवढी उमेद दोन्हीकडे होती.

पण माझ्या मते या प्रश्नाला सर्वांत खोलवर भिडले ते काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५ चा, घराणे मूळचे कोकणातले. ऐन विशीत त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले. त्यांचा रोख असा होता: जन्मतःच दुःख भोगणाऱ्या निष्पाप जिवाला पूर्वकर्म नसेल, तर त्याचे दुःख कशामुळे? माणसाचा अपराध मर्यादित असताना शिक्षा अनंत कशी? न्यायी म्हणवणाऱ्या देवाला हे शोभते का? मिशनऱ्यांशी वाद घालायला गेलेले हेच शास्त्रीबुवा तीन-चार वर्षांच्या उलघालीनंतर १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले गेले.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका मिशनच्या अहवालात शोभली असती. पण गोऱ्ह्यांच्या शंका बाप्तिस्म्याने मिटल्या नाहीत. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्यांना अधूनमधून घेरत राहिल्या. त्यांच्या चरित्रकाराने ही गोष्ट लपवलेली नाही. मला या माणसाचे उत्तर विश्वासार्ह वाटते ते यामुळेच, कारण ते मिळवण्यासाठी त्याने स्वतःची झोप घालवली आहे.

तलाठीसाहेबांना मी सांगितले, की पूर्वजांच्या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांत आजही एकमत नाही. काही पंथांचे उत्तर कडक आहे. परंतु कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, स्पष्ट म्हटले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मी स्वतः प्रॉटेस्टंट घरातला, पण या बाबतीत त्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या आजोबांचा निवाडा करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

उरला त्रैक्याचा प्रश्न. तो विचारताना तलाठीसाहेब थोडे संकोचले होते. मी म्हटले, “संकोचू नका, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी तुमच्याआधी विचारलाय, आणि तोही बाप्तिस्मा घेतल्यानंतर!”

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे फादर गोऱ्हे यांनी पाठवलेल्या पत्ररूप विवेचनाचा मोठा वाटा होता. म्हणजे एका शंकेखोर मराठी माणसाने दुसऱ्या शंकेखोर मराठी बाईला उत्तर दिले. त्यानंतर मात्र वाँटेजच्या धर्मभगिनींची दमछाक झाली. ही नवी ख्रिस्ती बाई येशूचे देवत्व आणि त्रैक्य यांवर प्रश्नामागून प्रश्न विचारू लागली. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे तिने बजावले. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असेही विचारले. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र धीराने पत्रांमागून पत्रे लिहिली. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. मराठी माणसाने तो जरूर वाचावा.

आता त्रैक्याबद्दल माझे दोन शब्द. ख्रिस्ती श्रद्धा तीन देव मानत नाही. देव एकच, पण तो निर्माता म्हणून, येशूच्या रूपाने आणि माणसाच्या अंतरात वसणाऱ्या आत्म्याच्या रूपाने भेटला, असा पहिल्या शिष्यांचा अनुभव होता. अनुभव आधी आला आणि सिद्धांत मागाहून. तो शब्दांत बसवायला ३२५ ची निकेयाची आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची, अशा दोन परिषदा लागल्या, आणि त्यांत कडाक्याची भांडणे झाली. जे ठरवायला विद्वानांना साडेतीनशे वर्षे लागली, ते एसटीच्या प्रवासात पटले नाही तर कोणी वाईट वाटून घेऊ नये. रमाबाईंनाही ते वादात पटले नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षे जावी लागली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते १९२४ मध्ये छापून पुरे केले. ज्या बाईने सर्वांत जास्त प्रश्न विचारले, तिनेच सर्वांत जास्त काम करून ठेवले.

माझ्या विद्यार्थ्यांत सगळ्या धर्मांची मुले असत. शंका विचारणारे मूल उद्धट आहे, असे समजून त्याला खाली बसवण्याचा मोह मलाही अनेकदा झाला. कधी कधी मी बसवलेही. आज वाटते, ज्याला खाली बसवले त्याने प्रश्न सोडला नसेल, मला विचारणे तेवढे सोडले असेल. धर्माच्या बाबतीतही नेमके हेच होते. आपण एकमेकांना विचारायचे सोडतो आणि मग एकमेकांविषयी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू लागतो.

स्वारगेट आले. तलाठीसाहेबांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, “सगळं पटलं असं नाही बरं का, सर.” मी म्हटले, “पटायला पाहिजे असं कुठं आहे?” उतरल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. पैसे त्यांनी दिले. निघताना म्हणाले, “तुमच्या आजीचं ते पोट भरल्यावरचं बोलणं मात्र घरी सांगतो.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)