ब्रेक दाबला की जुनी गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

८०च्या स्पीडला गाडी मस्त चाललीय, पुढे टोल नाका दिसतो, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. पाय काढला की सगळं शांत. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत हा त्रास खूप कॉमन आहे. गॅरेजमध्ये गेलात की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "डिस्क वाकलीय, बदलून टाका."

आमच्या घरच्या २०१० च्या हॅचबॅकचं हेच झालं. पुढच्या डिस्क आणि पॅड नवीन टाकले, गाडी छान चालली आणि पाच-सहा महिन्यांत थरथर परत आली. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना प्रत्येक वळणाआधी पेडल पायाला धडधड मारत होतं आणि मागे बसलेली आई वरचं हँडल सोडायला तयार नव्हती. खरी गडबड डिस्कच्या मागे, हबवर होती. कोणी तिथे बघितलंच नव्हतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग आला की आधी तो पुन्हा घडवून बघतो, मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो. गाडीलाही हाच नियम लावायचा.

आधी सेफ्टी

पेडल मऊ लागतंय किंवा खाली जातंय, ब्रेक ऑइलची लेव्हल कमी झालीय, ब्रेक मारताना गाडी जोरात एका बाजूला ओढतेय किंवा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय, तर खालची कुठलीही टेस्ट करू नका. गाडी उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.

थरथर नेमकी होते कशाने?

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला पकडतात. थाळीची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पकडही सारखी राहते. पण एखाद्या जागी जाडी थोडी कमी-जास्त झाली की प्रत्येक फेऱ्यात पकड घट्ट-सैल होते. तोच धक्का पेडल आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. यासाठी सुमारे ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो. आपला केस याच्यापेक्षा जाड असतो! म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून "डिस्क चांगली आहे" असं सांगता येत नाही.

हा फरक पडायची मुख्य कारणं तीन:

• डिस्क किंचित तिरकी फिरते आणि ब्रेक न दाबताही एकाच जागी पॅडला घासत राहते. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजते.
• ब्रेक खूप तापलेला असताना गाडी पेडल दाबून उभी ठेवली, की पॅडचं मटेरियल डिस्कवर एका जागी चिकटतं.
• कॅलिपरच्या स्लाइड पिना सुकून जाम होतात, पॅड मागे सरकत नाही आणि डिस्क सतत तापते.

आमच्या गाडीत पहिलं कारण होतं. डिस्क ज्या हबवर बसते, त्यावर गंजाचा थर होता. नवीन डिस्क त्याच गंजावर बसवली, ती तिरकी बसली आणि हळूहळू एका जागी झिजली.

स्टेप १: थरथर कधी आणि कुठे जाणवते?

• ब्रेक न दाबताही ८०-१०० च्या स्पीडला थरथर: आधी व्हील बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा आणि वाकलेली रिम बघा.
• फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं: संशय पुढच्या डिस्कवर.
• स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडलला धडधड: संशय मागच्या ड्रमवर.
• थरथरीसोबत खड्ड्यात खडखड आवाज: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासा. हे पार्ट ढिले असले की डिस्कचा छोटा दोषही मोठा वाटतो.
• जोरात ब्रेक मारल्यावर किंवा निसरड्या रस्त्यावरच पेडल भराभर ठोके देतं: गाडीत एबीएस असेल तर ते त्याचं नेहमीचं काम आहे.

स्टेप २: मोबाईलने मोजा

फोनमधला ॲक्सेलरोमीटर इथे मस्त कामाला येतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनवलेलं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप घ्या. त्यात फोनला बसणाऱ्या हादऱ्यांचा ग्राफ निघतो.

आता थोडं गणित. १५५/८० आर १३ टायरचा घेर साधारण १.८ मीटर असतो. ८०च्या स्पीडला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे जवळपास १२ फेरे. ६० ला हाच आकडा ९ होतो आणि ४० ला ६. तुमचा टायर मोठा असेल तर फेरे थोडे कमी येतील.

फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा. रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. रस्ता सरळ, कोरडा आणि मोकळा हवा, मागे गाडी नको. एकदा ८०च्या स्पीडला ब्रेक न दाबता रेकॉर्ड करा. मग ८० वरून ६० पर्यंत हलका ब्रेक दाबत पुन्हा रेकॉर्ड करा.

दुसऱ्या ग्राफमध्ये सेकंदाला सुरुवातीला सुमारे १२ आणि शेवटी ९ उंचवटे दिसले, आणि पहिल्या ग्राफमध्ये तसे नसले, तर थरथर चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या पार्टमधूनच येतेय. डिस्कवर दोन जागा खराब असतील तर आकडा दुप्पट येईल. दोन्ही ग्राफमध्ये सारखेच उंचवटे असतील तर आधी बॅलन्सिंग करून घ्या.

स्टेप ३: पुढचं की मागचं?

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. रिकाम्या मैदानात किंवा मोकळ्या सरळ रस्त्यावर ३० च्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि लिव्हर हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे लिव्हर लगेच खाली करता येतो. धडधड जाणवली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर ही टेस्ट अजिबात नको.

पंधरा-वीस मिनिटं साधं चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. हात लावायचा नाही, भाजेल. एकाच चाकातून जास्त धग येत असेल तर तिथला कॅलिपर किंवा त्याच्या पिना जाम आहेत.

स्टेप ४: गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं?

"ब्रेक बघा" एवढंच सांगू नका. या चार गोष्टी स्पष्ट सांगा:

१. डायल गेज लावून डिस्क किती तिरकी फिरते ते मोजा. बऱ्याच गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.
२. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजा. कमीत कमी जाडी किती हवी, हे बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेलं असतं.
३. डिस्क काढून हबवरचा गंज वायर ब्रशने पूर्ण साफ करा आणि पुन्हा मोजा.
४. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.

जाडी पुरेशी असेल तर लेथवर घासूनही डिस्क सपाट होते. मर्यादेच्या खाली गेली असेल तर बदलायचीच, आणि डावी-उजवी दोन्ही एकदम. नट गनने कसेही आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळायचे. कमी-जास्त आवळले तर डिस्क पुन्हा तिरकी बसू शकते.

काम झाल्यावर

नवीन पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १५-२० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा. मध्ये थोडी गाडी चालवून ब्रेक गार होऊ द्या, पूर्ण थांबू नका. घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, म्हणजे ब्रेक कमी तापतात.

सगळं झाल्यावर फायफॉक्सवर तीच टेस्ट त्याच रस्त्यावर पुन्हा करा आणि दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून बघा. आमच्या गाडीचा हब साफ केला, झिजलेल्या डिस्क लेथवर घासून घेतल्या आणि तो १२ ठोक्यांचा ग्राफ जवळपास सपाट झाला. नवीन डिस्कचा खर्च वाचला. पुढच्या वेळी पसरणी घाट उतरलो तेव्हा आई मागच्या सीटवर झोपली होती.