खंबायतचा अकीक आणि त्याची भुकटी

खंबायतच्या अकिकाचा इतिहास आजवर मण्यांच्या बाजूने सांगितला गेला. रतनपूरच्या खाणींतून दगड येतो; तो तापवून तांबडा करतात, फोडतात, घासतात, भोक पाडून ओवतात. लोथलच्या हडप्पाकालीन वस्तीत मण्यांचा कारखाना सापडला आणि सिंधू संस्कृतीचे तांबडे मणी मेसोपोटेमियातल्या उरच्या राजथडग्यांतही मिळाले. चार हजारांहून अधिक वर्षे माणसाने हा दगड गळ्यात घातला आणि त्याचे काही बिघडले नाही. मात्र तोच दगड चाकावर घासताना उडणारी भुकटी कारागिराच्या फुफ्फुसात गेली, की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. मणी आणि भुकटी या दोन्हींत द्रव्य एकच, सिलिका. म्हणून इजेचे कारण द्रव्याच्या नावात शोधून भागत नाही. ते कणाच्या आकारात आणि पृष्ठभागात शोधावे लागते.

हिशेब साधा आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मायक्रोमीटरचे तुकडे केले, तर तो 6 चौरस मीटर होतो आणि दहा नॅनोमीटरचे केले, तर 600 चौरस मीटर. पेशीशी गाठ पडते ती या पृष्ठभागाची. वायुकोशात शिरलेला कण भक्षकपेशी गिळते आणि पचवण्यासाठी लयकारिकेत नेते. सिलिका पचत नाही. तिचा पृष्ठभाग लयकारिकेचे पटल फोडतो, आतली पाचक द्रव्ये सांडतात आणि पेशी मरते. हे अ‍ॅलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी 1966 मध्ये दाखवले. मेलेल्या पेशीतला कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि व्रणांची गाठ वाढत जाते. अकिकाची धूळ बहुतांशी मायक्रोमीटरच्या मापाची. नॅनोकण त्याहून कितीतरी लहान. तरी धडा तिथेही लागू पडतो. निरुपद्रवी मानल्या गेलेल्या टायटॅनियम डायॉक्साइडच्या सुमारे 20 नॅनोमीटरच्या कणांनी उंदरांच्या फुफ्फुसात तेवढ्याच वजनाच्या मोठ्या कणांपेक्षा अधिक दाह केला, असे 1990 च्या दशकातील प्रयोगांत दिसले.

कोणी म्हणेल, धूळ इतकी घातक असती, तर हा धंदा इतकी शतके टिकला कसा? पण धंदा टिकतो तो नवे हात मिळत राहतात म्हणून. जुन्या हातांचे काय झाले, हे त्यावरून कळत नाही. सिलिकोसिसच्या रोग्याला क्षय लवकर जडतो आणि दोन्हींची लक्षणेही सारखी, त्यामुळे धुळीचा दोष क्षयाच्या नावावर सहज जातो. विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकाने कामाचा वेग वाढवला आणि धूळही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे नॅनोकण विषारी नसतात. हे खरेच आहे. कण विरघळतो का, त्याचा आकार कसा, पृष्ठभागावर कसले आवरण आहे, यांवर परिणाम ठरतो. म्हणूनच सरसकट भीती चूक, तशी सरसकट हमीही चूक. ठोकळ्याच्या निर्धोकपणाचा दाखला भुकटीला देता येत नाही. प्रत्येक नॅनोपदार्थ नवा मानून तपासला पाहिजे, आणि तोही कामगाराच्या हाती जाण्यापूर्वी. उपाय कठीण नाहीत: इंग्लंडमध्ये टॉमस बेन्सन याने गारगोटी पाण्यात दळण्याचे पेटंट 1726 मध्येच घेतले होते, कारण कोरडी धूळ दळणाऱ्यांचे प्राण घेत होती.