चेरी काउंटी: विरळ वस्तीचं कारण

नकाशे बघण्याचा माझा नाद जुनाच. परवा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा नकाशा बघताना चेरी काउंटीपाशी बोट थांबलं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 15,500 चौ. किमी, म्हणजे सोलापूर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्तच. सोलापूरची लोकसंख्या 2011 मध्ये 43 लाख होती. चेरीची 2020 मध्ये होती 5,455! त्यातही जवळजवळ निम्मी माणसं व्हॅलेंटाइन या एका गावात.

वर्गात मी वर्षानुवर्षं एकच उत्तर सांगितलं: पाणी नाही, म्हणून वस्ती विरळ. इथे ते लागू पडत नाही. पाऊस 20 इंचांच्या आसपास, बेताचाच. पण जमिनीखाली ओगलाला हा प्रचंड जलसाठा आहे, वर नायोब्रारा नदी आणि असंख्य तळी आहेत. मग वस्ती का नाही?

हा मुलूख सँडहिल्सचा. म्हणजे वाळूच्या टेकड्या, गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या. लाकोटा लोक इथे बायसनच्या शिकारीला येत. त्यांना राखीव प्रदेशांत हलवलं गेलं आणि 1883 मध्ये रेल्वे व काउंटी दोन्ही आल्या. 1862 च्या कायद्यानं कुटुंबाला 160 एकर जमीन मिळे. या वाळूत तेवढ्यावर पोट भरेना. म्हणून 1904 मध्ये किंकेड कायदा करून 640 एकर देऊ केले. माणसं आली. लाकूड नव्हतं, तेव्हा गवताळ मातीच्या ढेपांची घरं बांधली, चुलीत वाळलेलं शेण जाळलं. 1920 पर्यंत लोकसंख्या 11,000 च्या वर गेली.

पण नांगर फिरला की गवत जाई आणि वाळू उडू लागे. पुष्कळांनी जमिनी गुरं पाळणाऱ्यांना विकल्या आणि वाट धरली. आज इथे मांसासाठी पाळलेल्या गायी लाखाच्या वर आहेत. एका गायीला कित्येक एकर कुरण लागतं, त्यामुळे एकेका कुटुंबाकडे हजारो एकर जमीन. माणसं आपोआपच थोडी.

म्हणजे इथे पाणी कमी पडलं नाही. जमीन कुरणाची होती, कायदा तिला शेत समजला, आणि ती चूक तिथे गेलेल्या गरीब कुटुंबांनी भोगली. 'मोकळी जमीन' म्हणून जी वाटली, तीही आधी कुणाची तरी होतीच.

माझं ते उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी पूर्ण मार्क दिले होते. त्यांतले कुणी हे वाचत असतील, तर एवढी दुरुस्ती करून घ्यावी.