केवड्याच्या बनातला नाग

‘आधी काठी आपट, मग केवड्याला हात लाव,’ असं सतवासला आमच्या आज्या सांगत; वासाला नाग येतो म्हणून. पवार-होळकरांमागोमाग १८व्या शतकात माळव्यात आलेल्या आपल्या घरांना ही समजूत नवी नव्हती. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त चंदनाच्या खोडांवर सापांच्या विळख्यांनी खाचा पडल्या आहेत, रहीमच्या दोह्यातही चंदनाला भुजंग वेढलेले आहेत. अमेरिकेकडून आलेल्या रातराणीलाही पुढे तीच समजूत चिकटली.

सापाला फुलाचं अप्रूप नाही. जिभेनं गंध टिपून तो भक्ष्याचा माग काढतो. केवड्याच्या दाट, ओलसर जाळीत आडोसा असतो, बेडूक-उंदीर मिळतात. म्हणून तो तिथे. आज्यांचं कारण चुकलं, सल्ला नाही. भीतीपोटी अंगणातली रातराणी तोडू नये, साप मारू नये. गणपतीसाठी पत्री काढताना काठी मात्र आपटावी.